डब्यातले जुने सूर

लग्नाच्या वरातीत वाटूरपासून जालन्यापर्यंत कुठेही बँजो पार्टी उभी राहिली, की ऑक्टोपॅड दिसतोच. या वाद्याचे १९८५ सालचे पहिले रूप, रोलंड कंपनीचे पॅड-८, स्वतः मुके होते. काठी पडली की ते ‘मिडी’ या वाद्यांच्या समान भाषेत फक्त संदेश पाठवी आणि आवाज निघे शेजारच्या साउंड मॉड्यूलमधून.

मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला सिंथेसायझर. रुंदी सहसा १९ इंच, उंची जेमतेम पावणेदोन इंच किंवा तिच्या पटीत. स्टुडिओच्या लोखंडी चौकटीत स्क्रूने घट्ट बसणारा. १९८३ मध्ये मिडी आल्यावर एकाच कीबोर्डावरून असे अनेक डबे वाजवता येऊ लागले. यामाहाचा टीएक्स८१झेड (१९८७) त्यातल्या ‘लेटली बास’ या एका आवाजासाठीच आजही शोधला जातो. १९९४ च्या रोलंड जेव्ही-१०८० मध्ये एका वेळी ६४ स्वर वाजत आणि चार विस्तार-पाट्या बसत.

हेच आवाज आता सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. रोलंड स्वतःच जेव्ही-१०८० तसा विकते. मग जुना डबा कशाला? तो सुरू केला की वाजतो. अपडेट, पासवर्ड काही मागत नाही. त्यात आवाजांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांना जागा तुटपुंजी होती, त्यामुळे ते छोटे कापून पुन्हापुन्हा फिरवावे लागत. तो किंचित कृत्रिमपणाच नव्वदच्या दशकातल्या गाण्यांचा रंग ठरला. बाकी आतली बॅटरी संपली, की अनेक डब्यांतले जतन केलेले आवाज पुसले जातात. विकत घेणाऱ्याने ती आधी तपासावी.