विश्रामबागवाड्यात, सकाळी अकरा वाजता

बाजीराव रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न थांबत नाहीत. तुळशीबागेकडे निघालेली गर्दी वाड्यावरून जाते, पण मान वर करून कोणी बघत नाही. मी बघतो आहे. रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, त्याखाली सुरूच्या झाडासारखे कातलेले खांब. या कारागिरांची नावे कुठे लिहून ठेवली असती तर!

उंबरा ओलांडून चौकात येतो. शनिवारवाडा नकोसा झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा राहण्यासाठी बांधला. 1817 मध्ये खडकीची लढाई हरल्यावर पेशव्यांनी पुणे सोडले आणि पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी बिठूरला झाली. 1821 मध्ये याच दालनांत इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा उघडली, तीही पेशव्यांच्या दक्षिणेसाठी ठेवलेल्या पैशातून. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच.

जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून मी थांबतो. सुरुवातीला त्या पाठशाळेत फक्त ब्राह्मण मुलांना प्रवेश होता. आणि 1852 च्या नोव्हेंबरात मुलींसाठी, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला तो याच वाड्यात. इंग्रज अधिकारी मेजर कँडींनी त्यांना शाल दिली. त्या दिवशी इथे कोण कोण बसले असेल, कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही. माझ्या लेखी या वास्तूतला सर्वांत मोठा दिवस तोच.

शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा नातीला सांगताहेत, "माझे वडील घरपट्टी भरायला इथंच यायचे बरं का."

"राजवाड्यात?"

"तेव्हा ही आपली महापालिका होती."

खरे आहे. 1950 साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हाही कचेरी इथेच होती. त्याआधी 13 मे 1879 च्या आगीत पेशव्यांचाच बुधवारवाडा पुरता गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भागही जळाला, पण लोकांनी वर्गणी दिली आणि तो पुन्हा उभा राहिला.

जवळच्याच भिडे वाड्यात फुल्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली. तो वाडा पडीक होत गेला आणि 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडावा लागला. विश्रामबागवाडा टिकला, कारण तो फार काळ कधी रिकामा राहिला नाही. तुळशीबागेत खरेदीला याल तेव्हा अर्धा तास इथे द्या, आणि मुलांना फुल्यांच्या सत्काराची हकीकत याच चौकात उभे राहून सांगा.