ट्रम्प, कापूस आणि सोनं : चहावरच्या गप्पांत खरं किती?

जुम्याची नमाज झाली की जळगावात मशिदीजवळच्या हाटेलात आमची बैठक ठरलेली. दोन-तीन शिक्षक, जिनिंगमध्ये हयात घालवलेले एक चाचा, एखादा दुकानदार आणि कधी धुळ्याहून पाहुणा आलेला यंत्रमागवाला. पूर्वी विषय असायचे पाऊस, पोरांची तालीम, लग्नकार्य. 2025 च्या एप्रिलपासून चहाच्या पहिल्या घोटाबरोबर नाव निघतं ते अमेरिकेच्या अध्यक्षांचं. "ट्रम्पने कापूस पाडला." "सोनं त्यानेच चढवलं." "त्याच्या मनात आलं तर उद्या सगळं माफ करून टाकेल." असं बोलताना प्रत्येकाचा आवाज असा, जणू व्हाइट हाऊस बळीराम पेठेच्या पलीकडेच आहे.

गप्पा मारायला काही हरकत नाही. आम्हीही मारतो. पण ऑगस्टमध्ये आमच्याच घरात एक प्रकार घडला. चोपड्याकडच्या आमच्या एका मामूंनी गेल्या हंगामाचा बारा क्विंटल कापूस भावाच्या आशेने घरात ठेवला होता. मोबाइलवर मेसेज आला की अमेरिकेने भारतावर 50 टक्के कर लावला, आता कापसाला कुणी विचारणार नाही. मामू घाबरले आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात माल देऊन मोकळे झाले. चार दिवसांनी शेजारच्या गावात तसाच कापूस क्विंटलला चारशे रुपये जास्त भावाने गेला. म्हणजे 4,800 रुपयांचं नुकसान. एवढ्यात मुलीची वर्षभराची वह्या-पुस्तकं आली असती. तेव्हापासून आम्हाला वाटतं की या गप्पांतलं खरं-खोटं एकदा निवडून घ्यावं.

हे नातं आजचं नाही

अमेरिकेच्या अध्यक्षाने खानदेशाचा भाव हलवायची ही पहिली वेळ नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामांच्या मेहनतीवर कापूस पिकवणारी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तिथूनच जायचा. तो अडला आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

त्याच सुमारास रेल्वे खानदेशात पोहोचत होती. जळगाव हे तेव्हा लहानसं गाव. युद्धाच्या त्या तीन-चार वर्षांत ते खानदेशातली कापसाची मोठी पेठ बनलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तशी नोंदच आहे. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार म्हटल्यावर भाव कोसळला आणि जळगावला मोठा फटका बसला, हीसुद्धा नोंद त्यातच आहे. मुंबईत तर कापसाच्या पैशावर फुगलेला शेअरबाजार त्याच वर्षी जुलैत फुटला आणि भलेभले दिवाळखोर झाले.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. लिंकन यांनी खानदेशाचं भलं व्हावं म्हणून नाकेबंदी केली नव्हती, आणि वाईट व्हावं म्हणून युद्ध थांबवलं नव्हतं. खानदेश त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. तिथला निर्णय आपल्या शिवारापर्यंत आला तो बंदर, गिरणी, दलाल, रेल्वे अशा अनेक हातांमधून. आजही तसंच आहे. म्हणून कोण काय करतं, हे ओळखायला हवं.

टॅरिफ भरतो कोण?

आमच्या बैठकीतला सर्वांत मोठा गैरसमज हा, की भारताने अमेरिकेला 50 टक्के रक्कम मोजायची. तसं नाही. जुन्या लोकांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. (ही नगरपालिकेची जकात, आपल्या दीनमधली नव्हे. मराठीत दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे पोरांचा घोळ होतो.) नाक्यावर पैसे भरायचा तो शहरात माल आणणारा व्यापारी. मग तो काय करायचा? थोडा बोजा गिऱ्हाइकावर टाकायचा, थोडा स्वतः सोसायचा, आणि ज्याच्याकडून माल घेतला त्याला म्हणायचा, "भाव कमी कर, नाहीतर दुसरीकडून घेतो."

टॅरिफचंही हेच. पैसे अमेरिकेतला आयातदार तिथल्या सरकारला भरतो. 2025 साली 7 ऑगस्टपासून भारतीय मालावर 25 टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के, असे ते 50 झाले होते. औषधं, मोबाइल असा काही माल त्यातून वगळला होता. बोजा तिथल्या गिऱ्हाइकावर पडतोच. पण तिरुपूरचा शर्ट किंवा पानिपतची चादर विकणाऱ्यालाही आयातदार सांगतो की भाव पाड, नाहीतर बांगलादेश-व्हिएतनामकडून घेतो. आपल्यापर्यंत धक्का येतो तो या शेवटच्या वाक्यातून.

मग कापूस कुणी पाडला?

आपला कच्चा कापूस अमेरिकेला जातच नाही म्हटलं तरी चालेल. अमेरिका स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या कापूस निर्यातदारांपैकी एक आहे. आपला कापूस जिनिंगमध्ये जातो, रुईच्या गाठी होतात, सूतगिरणीत सूत होतं, त्याचं कापड, कापडाचे कपडे, आणि मग ते कपडे अमेरिकेला जातात. भारताच्या कपड्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश तोच. तिथे मागणी घटली की एकेक पायरी उतरत मंदी जिनिंगपर्यंत येते. धक्का खरा आहे, पण तो हळूहळू येतो, एका रात्रीत येत नाही. धुळे-मालेगावच्या मागांवरचं साधं कापड बहुतेक देशातच खपतं. त्यामुळे त्यांच्या अडचणींत विजेचा दर आणि सुताचा भाव अमेरिकेपेक्षा आधी येतात.

गप्पांत जे निसटतं ते आता सांगतो. परदेशी कापसावर आपल्याकडे 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होतं. केंद्र सरकारने 2025 साली 19 ऑगस्टपासून ते माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला नवा कापूस घरात येण्याच्या नेमक्या दिवसांत बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार होता. गिरण्यांचं म्हणणं असं की टॅरिफने आम्ही अडचणीत आहोत, निदान कच्चा माल तरी स्वस्त द्या. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की त्यांचा बोजा आमच्या डोक्यावर का? दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. पण हा निर्णय वॉशिंग्टनचा नाही, दिल्लीचा आहे. सगळं खापर ट्रम्प यांच्यावर फोडलं, तर जो सवाल आपल्या खासदाराला विचारायचा तो विचारायचा राहून जातो. अमेरिकेत आपलं मत नाही, इथे आहे.

सोन्याचा हिशोब वहीवर

जळगाव म्हणजे सोन्याची पेठ. ज्या घरात मुलीचा निकाह ठरला होता, तिथे झोप उडाली होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सोनं जगाच्या बाजारात औंसाला 4,000 डॉलरच्या वर गेलं. आम्ही नववीच्या मुलांकडून फळ्यावर हिशोब करून घेतला. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. डॉलर 88 रुपये 75 पैसे धरला तर 10 ग्रॅमचे होतात सुमारे 1,14,000 रुपये. त्यावर तेव्हाचं 6 टक्के आयात शुल्क, म्हणजे सुमारे 1,21,000. त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 1,24,600. घडणावळ वेगळी. मुलांनी पुढे विचारलं, "सर, डॉलर एक रुपयाने महागला तर?" तर सोनं जागेवर राहूनही 10 ग्रॅममागे सुमारे 1,400 रुपये वाढतात.

आता यात ट्रम्प कुठे आले? टॅरिफच्या धरसोडीमुळे जगभर धास्ती आहे आणि धास्तीत लोक सोनं घेतात, इथवर खरं. पण रशिया-युक्रेन युद्धात 2022 साली रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली. तेव्हापासून अनेक देशांना वाटू लागलं की सगळं डॉलरमध्ये ठेवणं बरं नव्हे. 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडेही 2025 मध्ये सुमारे 880 टन होतं. शिवाय अमेरिकेत व्याजदर उतरू लागले की ठेवींचा मोह कमी होतो आणि सोन्याचा वाढतो. म्हणजे ही चढण ट्रम्प यांच्या आधीच सुरू झाली होती.

आपल्या घरांसाठी आणखी एक बाब. सोनं चढलं की जकातही चढते. ज्या बहिणीवर जकात वाजिब आहे आणि जिच्याकडे 100 ग्रॅम सोनं आहे, तिला 78 हजारांच्या भावाने अडीच टक्क्यांप्रमाणे 19,500 रुपये काढावे लागत होते. 1,20,000 च्या भावाने तेच 30,000 होतात. दागिना तोच, पगारही तोच. रमजानच्या तोंडावर धावपळ नको, म्हणून दरमहा थोडं बाजूला टाकलेलं बरं.

अध्यक्ष म्हणजे बादशहा नव्हे

"त्याच्या मनात आलं तर" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने कर लावण्याचा अधिकार संसदेला, म्हणजे काँग्रेसला दिला आहे. ट्रम्प यांनी 1977 च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन हे टॅरिफ लावले. तिथल्याच व्यापार न्यायालयाने 28 मे 2025 रोजी म्हटलं की हा अधिकाराबाहेरचा कारभार आहे. अपील न्यायालयानेही 29 ऑगस्टला 7 विरुद्ध 4 मतांनी तेच सांगितलं. टॅरिफ तेव्हा चालू राहिले, पण सर्वोच्च न्यायालयात 5 नोव्हेंबर 2025 ला सुनावणी ठरली.

व्याजदर ठरवते ती फेडरल रिझर्व्ह ही त्यांची मध्यवर्ती बँक. तिचे 2025 मधले अध्यक्ष जेरोम पॉवेल यांना त्या खुर्चीवर 2018 साली ट्रम्प यांनीच बसवलं होतं. व्याज उतरवा म्हणून ट्रम्प महिनोन्महिने त्यांच्या मागे लागले, पण 2025 ची पहिली कपात झाली ती 17 सप्टेंबरला, आणि तीही पाव टक्का. खर्चाच्या विधेयकावर संसदेत एकमत झालं नाही, म्हणून 1 ऑक्टोबर 2025 पासून तिथलं बरंचसं सरकारी कामकाज ठप्प झालं होतं. हा कसला बादशहा! ताकद मोठी आहे यात शंका नाही, पण हात अनेक आहेत.

तिथला मतदारही एकसारखा नाही

आमच्यातले काही म्हणतात, "तिथल्या मुसलमानांनीच त्याला निवडून दिलं." काही म्हणतात, "एकाही मुसलमानाने दिलं नसेल." मिशिगन राज्यातलं डिअरबॉर्न हे अरब वस्तीचं शहर घ्या. 2020 मध्ये तिथे बायडेन यांना सहज बहुमत मिळालं होतं. 2024 मध्ये ट्रम्प यांना सुमारे 42 टक्के, कमला हॅरिस यांना 36 आणि जिल स्टाइन यांना 18 टक्के मतं पडली. गाझावरून बायडेन सरकारवरचा राग हे मोठं कारण होतं. महागाईही होती. 2022 च्या जूनमध्ये तिथला महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर, चाळीस वर्षांतल्या उच्चांकावर गेला होता. एकाच मोहल्ल्यात तीन दिशांना मतं गेली. आपल्याला कुणी "तुमची मतं गठ्ठ्याने पडतात" म्हटलं की आपण चिडतो. मग आपणही दुसऱ्यांना गठ्ठ्यात मोजू नये.

आता करायचं काय?

कापूसवाल्यांनी मेसेज वाचून माल काढू नये. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता. सीसीआयला द्यायचा असेल तर "कपास किसान" ॲपवर नोंदणी लागते. घरात शिकलेल्या मुला-मुलीने अब्बांची नोंदणी करून द्यावी. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, 12 पर्यंत कपात होते, त्यापुढे माल नाकारतात. म्हणून वेचलेला कापूस उन्हात वाळवणं हे अमेरिकेच्या बातमीपेक्षा जास्त फायद्याचं आहे.

सोनं "अजून वाढेल" म्हणून कर्ज काढून घेऊ नये. 1865 मध्ये मुंबईत बुडालेल्यांनाही भाव वाढतच राहील असंच वाटत होतं. निकाहात सोन्याचा आकडा दोन्ही घरांनी मिळून कमी केला, तर त्यात कुणाची इज्जत जात नाही.

राहिला प्रश्न चहावरच्या गप्पांचा. त्या चालू राहू द्या. फक्त कुणी म्हटलं "ट्रम्पने केलं," की एवढंच विचारा : "नेमकं कुणी केलं? अध्यक्षाने, संसदेने, बँकेने, की आपल्याच दिल्लीने?" परवा जुम्याला मामू जळगावात आले होते. चाचांनी ट्रम्प यांचं नाव काढताच मामूच बोलले, "आधी ओलावा किती ते सांगा." नवा कापूस त्यांनी अंगणात वाळत घातला आहे.