बेलमच्या गुहा: कोरड्या मुलखातली पाण्याची वाट

आज तिरुवल्लिकेणीतून गाडी काढू आणि तिरुपती, कडप्पा, जम्मलमडुगू करत आंध्रातल्या बेलमच्या गुहा गाठू. वाटेत रायलसीमेचा मुलूख लागतो. वाळवंट नाही, पण पाऊस कमी, झाडं विरळ, जमीन दगडी. अशा जमिनीखाली तीन किलोमीटरहून लांब गुहा पाण्याने कोरली आहे.

ती कशी? इथला खडक चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून झिरपत चुनखडी विरघळवतं. लाखो वर्षांत भेगेची गल्ली होते, गल्लीचं दालन. पुढे पाणी खाली उतरलं, वाटा मोकळ्या राहिल्या. सर्वांत खोल जागा, पाताळगंगा, ४६ मीटरवर आहे.

१८८४ मध्ये भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहांची नोंद केली. १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधणारे तेच. १९८०च्या दशकात गेबाउर यांच्या जर्मन पथकाने आत शोध घेतला. २००२ मध्ये गुहा पर्यटकांसाठी खुल्या झाल्या.

आता फौजी सल्ला. आत गारवा मिळेल ही अपेक्षा नको. हवा इतकी दमट की घाम सुकत नाही, म्हणून अंग तापतं आणि दम लागतो. दमा किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच उतरा. पाणी आणि टॉर्च जवळ ठेवा, दिवे असलेली वाट सोडू नका. जोडीने चला, एकाला दम लागला, तर दोघांनीही परत फिरायचं. गुहा कुठे जात नाही!