कॉलेजच्या आवारातच प्राणीसंग्रहालय!

प्राण्यांत रमणाऱ्या मुलांना आपण एकच वाट दाखवतो: व्हेट हो. अमेरिकेतली दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं बाकीच्या वाटाही दाखवतात.

कॅलिफोर्नियाचं मूरपार्क कॉलेज बघा. आवारातच प्राणीसंग्रहालय आहे आणि तिथली रोजची कामं विद्यार्थीच करतात! पिंजरे धुणं, खाणं मोजून देणं, वागणुकीच्या नोंदी ठेवणं, शनिवार-रविवारी लोकांसमोर प्रात्यक्षिकं. प्राण्यांना रविवारची सुट्टी नसते, म्हणून यांनाही नाही. पुढे कुणी झूकीपर होतं, कुणी सिनेमातल्या प्राण्यांना शिकवतं, कुणी जखमी वन्यजीवांच्या केंद्रात जातं.

नेहमीचा अ‍ॅनिमल सायन्सचा कोर्स वेगळा. तिथे गायी, शेळ्या, कोंबड्या. त्यांचा आहार, प्रजनन. आणि मला सगळ्यात आवडणारी वाट व्हेटरनरी टेक्निशियनची: रक्त घेणं, एक्स-रे काढणं, ऑपरेशनच्या वेळी भुलीवर लक्ष ठेवणं. त्यासाठी सहसा मान्यताप्राप्त कोर्स करून व्हीटीएनई ही टेक्निशियनची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

फी? कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना दर युनिट ४६ डॉलर, आणि पदवीला साधारण ६० युनिट. (भारतातून जाणाऱ्यांना कितीतरी जास्त, हं!) व्हेटच व्हायचं असेल तर पुढे यूसी डेव्हिससारख्या विद्यापीठात जाता येतं. मात्र केमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजातच उरकून घ्या, विद्यापीठात ती बरीच महाग पडते.