अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ दाखवतोय? आधी बटणापासून हात लांब
(डेस्कटॉपची देखभाल : भाग ९)

मागच्या आठवड्यात दोन-चार डिस्क जोडून एक अ‍ॅरे कसा बनतो ते पाहिलं. रेड शून्यमध्ये माहितीचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटले जातात, म्हणून वेग वाढतो. रेड एकमध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. रेड पाचला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यातली एक गेली तरी काम अडत नाही. आज बिघाडाकडे वळू.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या पट्ट्यात असे डेस्कटॉप माझ्या पाहण्यात दोन प्रकारच्या जागी असतात. एक, लग्नसराईचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ. तिथं वेगासाठी रेड शून्य. दुसरी जागा म्हणजे हिशेबाची ऑफिसं : करसल्लागार, सळईचे व्यापारी, बियाण्यांचे वितरक. तिथं टॅली सुरक्षित राहावी म्हणून रेड एक. दोघांची गरज वेगळी आणि बिघाडानंतरचं भवितव्यही वेगळं. रेड शून्यमधली एक डिस्क खरोखर मेली, तर अ‍ॅरे परत उभा राहत नाही, कारण मेलेल्या डिस्कवरचे तुकडे दुसरीकडे कुठंच नसतात. स्टुडिओवाल्यांनी हे मनाशी पक्कं ठेवावं : नवरी-नवऱ्याचं फुटेज गिऱ्हाइकाला पोचेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.

‘डिग्रेडेड’, म्हणजे अ‍ॅरेतली एक डिस्क बाहेर पडली आहे, हा संदेश दिसला की माणूस घाबरतो आणि पडद्यावर जे बटण समोर येईल ते दाबतो. वास्तविक या अवस्थेत रेड एक किंवा रेड पाचमधली माहिती अजून शाबूत असते. ती जाते घाईत दाबलेल्या बटणामुळं. विंडोज डिस्क ओळखू शकली नाही की ‘इनिशिअलाइझ’ करू का, फॉरमॅट करू का असं विचारते. तिथं ‘नाही’ म्हणायचं. रेडच्या मेनूत ‘क्रिएट’ आणि ‘डिलीट’ शेजारी-शेजारी असतात. दोन्हींना हात लावायचा नाही. ‘अ‍ॅरे पुन्हा बनवला की पूर्वीसारखा होईल’ असं सांगणारे सल्लागार दर गल्लीत भेटतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महागात पडतात. आधी मोबाइलनं पडद्याचे फोटो काढा : कोणत्या पोर्टवर कोणती डिस्क दिसते, तिचा सिरियल नंबर काय, अवस्था काय. मग तपासाला लागा.

तपासाची सुरुवात मी डिस्कपासून करत नाही, कोपऱ्यातल्या घड्याळापासून करतो. तारीख काही वर्षं मागं गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपलाय असं समजा. सेल संपला आणि वीज गेली, की बायोसची सेटिंग्ज बहुधा कारखान्यातून आली तशी होतात. बऱ्याच बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये साटाचा मोड ‘एएचसीआय’ असतो, तुमचा अ‍ॅरे मात्र ‘रेड’ मोडमध्ये बनवलेला. मग रेड शून्यच्या दोन डिस्क सुट्या-सुट्या, कोऱ्या असल्यासारख्या दिसतात, किंवा विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क ठणठणीत, केबल ठणठणीत, आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळालेलं. उपाय थोडक्या पैशांचा आहे : सेल बदला, बायोसमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा ‘रेड’ करा, सेव्ह करा. अ‍ॅरेची रचना डिस्कच्याच एका राखीव भागात लिहिलेली असते, त्यामुळं तो बहुतेक वेळा आपणहून परत दिसतो. रेड एकमध्ये एक गोम आहे. मोड बदललेला असतानाही तिथली एकेक डिस्क स्वतंत्रपणे उघडू शकते. त्या अवस्थेत काम करत राहिलात, तर एकीवर नव्या नोंदी होतात, दुसरी जुनीच राहते, आणि पुढं जोडणी करताना कोणती खरी हा प्रश्न उभा राहतो. म्हणून तारीख चुकलेली दिसली की काम तिथंच थांबवा.

घड्याळ बरोबर असेल तर संगणक बंद करा, प्लग काढा आणि केबल पाहा. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, धूळ तर बारमाही. साटाचे जोड सैल होतात. काही केबलींना तर अडकवायची क्लिपच नसते. इथं अंदाजावर विसंबायची गरज नाही. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. मात्र रेड मोडमध्ये काही बोर्डांवर ती थेट दिसत नाही, मग कंपनीच्या रेड प्रोग्रॅममध्येच पाहावी लागते. त्यातला १९९ क्रमांकाचा आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा, केबल बदला आणि आठवड्यानं पाहा. तिथंच थांबला असेल तर दुखणं केबलचं होतं. एकाच तारेवरून तीन-चार डिस्कना वीज देणारे जोडही असेच दगा देतात.

आता खुद्द डिस्क. ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे बघा. पाचवा म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, १९७ म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेल्या. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यापासून ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. त्याच अभ्यासात हेही दिसलं की बंद पडलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या प्रमुख आकड्यांत आधी कसलीच सूचना दिली नव्हती. तेव्हा आकडे वाईट असतील तर विश्वास ठेवा. चांगले असतील तर निर्धास्त होऊ नका.

कधी डिस्क मरत नाही, नुसती उशीर करते. साधी डेस्कटॉप डिस्क एखादी जागा वाचता आली नाही तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभराहून जास्त. कंट्रोलर तेवढा थांबत नाही, डिस्कला मृत ठरवून अ‍ॅरेबाहेर काढतो. रेडसाठी बनवलेल्या डिस्क काही सेकंदांतच हार मानून तसं कळवतात. म्हणून अ‍ॅरेत कुठलीही स्वस्त डिस्क लावणं बरं नाही. लिनक्सवाल्यांना दोन डिस्कच्या अ‍ॅरेच्या अवस्थेत दोन ‘यू’ दिसायला हवेत. एक ‘यू’ आणि एक आडवी रेघ दिसली तर एक डिस्क बाहेर पडली आहे.

डिस्क गेल्याचं नक्की झालं तर बदलायची, पण क्रम पाळून. उरलेल्या डिस्कवरची माहिती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणं, नंतर. रिबिल्डमध्ये उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि तीही बहुधा त्याच दिवशी विकत घेतलेली, तेवढीच जुनी असते. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं वाचायची म्हटली तरी सात तासांवर जातात. ऑफिसातला छोटा यूपीएस काही मिनिटं टिकतो. मृगाच्या तोंडावर, विजा कडाडत असताना हे काम काढूच नका. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. काढताना सिरियल नंबर दोनदा वाचा. चांगली डिस्क उपटून मेलेली आत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. आणि नुसती वीज गेल्यानंतर संगणक संथ झाला, ‘व्हेरिफाय’ किंवा ‘रिसिंक’ असं दाखवत असेल, तर तो बिघाड नव्हे. दोन्ही डिस्क जुळवून घेणं चाललंय, चालू द्या.

डिस्क वाढवल्या की बिघाडही वाढतात, हे रेडची कल्पना मांडणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८च्या निबंधात गणित मांडलं होतं : एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर शंभर डिस्कच्या साध्या अ‍ॅरेत दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक बिघाड येणार. जादा प्रत ठेवण्याची युक्ती त्यावरचा इलाज होता. पण तो इलाज डिस्क मरण्यावरचा आहे. चुकून पुसलेली फाइल, रॅन्समवेअर, चोरी, एसएमपीएसमधून आलेला विजेचा झटका यांवर रेडचा काही उपयोग नाही; रेड एकमध्ये पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते.

पुढच्या भागात बॅकअप घेऊ. तोवर वाचकांनी एवढं करावं : अ‍ॅरे धडधाकट असतानाच बायोसमधल्या साटा मोडचा आणि रेडच्या मेनूचा फोटो काढून ठेवा, प्रत्येक केबलवर डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा, आणि बोर्ड चार-पाच वर्षांचा झाला असेल तर सेल बदलून टाका. सेल बदलताना सेटिंग्ज जाऊ शकतात, म्हणून फोटो आधी काढायचा.