परतीच्या वाटेवरचे पाहुणे

गोंदियात पळस फुलला की बागेत मान वर करून चालावे. पळस आणि काटेसावरीच्या फुलांवर मधासाठी पळसमैनांचे (भोरड्यांचे) कलकलते थवे उतरतात. डोके आणि पंख काळे, बाकी अंग गुलाबी. हिवाळ्यात मळकट वाटणारा हा रंग पिसांच्या कडा झिजल्यावर खुलतो, म्हणून निरोपाच्या दिवसांतच त्या सर्वांत देखण्या दिसतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात. तिथे टोळ हे त्यांचे आवडते खाद्य. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांना आवर घालायला पळसमैनांसाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधल्या आहेत.

दाट पानांतल्या इतर परतीच्या पाहुण्यांसाठी मात्र कानच उपयोगी. चिमणीहून लहान, हिरवट पर्णवटवट्या दिसण्याआधी त्याची बारीक, टोकदार हाक ऐकू येते. तांबूस कंठाचा माशीमार शेपटी झटकन वर करतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे चमकते. तेवढी खूण पुरे. सकाळी नऊच्या आत जावे.

उलट नवरंग मे-जूनमध्ये दक्षिणेकडून विणीसाठी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांत येतो. रात्री प्रवास करणारा हा पक्षी कधी थकून शहरातल्या बागेतही उतरतो. त्याच्याभोवती गर्दी करू नये. कुत्र्या-मांजरांपासून जपून सावलीत बसू द्यावे.