डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही

अमेरिकेत सिअर्स कंपनीत नोकरी करणाऱ्या वांडा ग्लेन यांना २००० साली हृदयस्नायूचा गंभीर विकार असल्याचं निदान झालं. सतत थकवा, जराशात धाप. नोकरीबरोबर मिळालेल्या दीर्घकालीन अपंगत्व विम्यातून त्यांना २४ महिने पैसे मिळाले. मेटलाइफ या विमा कंपनीनंच त्यांना सरकारी सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला लावलं, त्यासाठी वकीलही सुचवले. तिथल्या न्यायाधीशांनी २००२मध्ये मान्य केलं, की या बाईंना कुठलीच नोकरी झेपणार नाही. सरकारी रक्कम विम्यातून वजा होते, म्हणजे यात कंपनीचंच ओझं हलकं झालं. आणि मग त्याच कंपनीनं ग्लेन यांना कळवलं, की बसून करायचं काम तुम्ही पूर्णवेळ करू शकता, सबब पुढचे पैसे बंद.

२४ महिन्यांवरच हे का अडलं? अशा बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं ‘स्वतःचं काम करता येत नाही’ एवढं दाखवलं की भागतं. त्यानंतर शिक्षण आणि अनुभव पाहता ‘कोणतंही काम करता येत नाही’ हे सिद्ध करावं लागतं. आजार तोच असतो, कसोटी बदलते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी इंजिनिअरच्या नोकरीतही बहुधा असा ग्रुप विमा असतो, पण हे कलम वाचलेलं कुणी क्वचितच भेटतं.

लोक चुकतात ते पुराव्यात. एमआरआय जोडला, डॉक्टरांनी ‘कामास असमर्थ’ लिहून दिलं, की झालं असं वाटतं. ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड या खटल्यात मणक्याच्या दुखण्यानं बेजार झालेल्या कामगाराच्या बाजूनं त्याचे स्वतःचे डॉक्टर उभे होते. तरीही सर्वोच्च न्यायालयानं २००३मध्ये सांगितलं, की उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला विशेष वजन देण्याचं बंधन विम्याचा निर्णय घेणाऱ्यावर नाही. म्हणून चिठ्ठीत निदानाइतकंच कामाचं मोजमाप हवं: सलग किती मिनिटं बसता येतं, किती वजन उचलता येतं, औषधांमुळे किती गुंगी येते, महिन्यातले किती दिवस अंथरुणातच जातात; आणि हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं. सोबत नोकरीत प्रत्यक्ष काय करावं लागत होतं, याचं तपशीलवार वर्णन. मायग्रेन किंवा फायब्रोमायल्जियासारखं दुखणं स्कॅनमध्ये दिसत नाही, तिथे रोजची नोंदवही फार मोलाची ठरते.

ग्लेन शेवटी जिंकल्या. दावा तपासणारी आणि पैसे देणारी कंपनी एकच असेल, तर हा हितसंबंधांचा संघर्ष न्यायालयानं जमेस धरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये ठरवलं. दावा फेटाळायला सोयीच्या अहवालावर कंपनीनं भर दिला आणि आपल्याच तज्ज्ञांपुढे सगळी कागदपत्रं ठेवली नाहीत, हेही तिच्या विरोधात गेलं. पण त्याला कित्येक वर्षं लागली. ज्याला धड उठवत नाही त्यानंच इतकी कागदपत्रं जमवायची, हा मला उघड अन्याय वाटतो.

दावा नाकारल्याचं पत्र आलं, की १९७४च्या एरिसा कायद्याखाली अपिलाला १८० दिवस मिळतात. न्यायालय पुढे बहुतेक वेळा तेव्हाच्या फाइलबाहेरचं काही पाहत नाही, त्यामुळे राहिलेला प्रत्येक कागद त्या मुदतीतच जोडावा लागतो. दाव्याच्या संपूर्ण फाइलची प्रत कंपनीकडून विनामूल्य मिळते. लेखी मागणी करून आधी ती मिळवावी.